कारभार कोणाला जबाबदार? आपल्या राज्यघटनेतील सत्तेच्या मांडणीचा उगम

भारताच्या राज्यघटनेविषयी दोन गोष्टी शाळेपासून आपल्या डोक्यात बसवल्या जातात. पहिली उसनवारीच्या तक्त्याची: संसदीय पद्धत ब्रिटनची, मूलभूत हक्क अमेरिकेचे, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडची, संघराज्याचा साचा कॅनडाचा. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये हा तक्ता घोकून घेतात, कारण त्यावर एक प्रश्न हमखास असतो. दुसरी तीन खांबांची: विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ, तिघेही समान, तिघेही स्वतंत्र. पहिल्या गोष्टीमुळे टीकाकाराला ‘ठिगळांची गोधडी’ म्हणून घटनेला हिणवता येते. दुसरीमुळे समर्थकाला प्रजासत्ताकदिनाचे भाषण बेतता येते.

दोन्ही गोष्टी वरवरच्या आहेत, आणि दुसरी तर बरीचशी चुकीचीच आहे. आपल्या घटनेतील सत्तेची मांडणी परदेशांतून वेचून आणलेली नाही आणि तिचे तीन सारखे वाटेही केलेले नाहीत. १८६१ पासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षे या देशात एकच भांडण चालू होते: कारभार करणाऱ्याला जाब कोण विचारणार? त्या भांडणाचा निकाल म्हणजे ही मांडणी. त्या निकालाचे भाग दोन. कारभार रोज ज्यांच्या मतावर उभा राहील अशी सभा, हा पहिला. त्या कारभाराच्या मर्जीवर ज्यांचे पद आणि पगार अवलंबून नसेल असे तपासनीस, हा दुसरा. न्यायालय या दुसऱ्या गटातले सर्वांत थोर खरे, पण त्या गटात ते एकटे नाही.

१. तक्त्यात काय लपते

उसनवारीचा आरोप नवा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनीच त्याला उत्तर दिले होते: राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते, त्यामुळे त्या घेण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. खंत वाटावी अशी उसनवारी त्यांनी वेगळीच सांगितली. ब्रिटिशांनी केलेल्या १९३५ च्या कायद्यातून प्रशासनाचा इतका तपशील उचलावा लागला, हे त्यांना खटकत होते.

तक्त्याचे अपयश असे की एखादी तरतूद कोठून आली एवढेच तो सांगतो. ती का घेतली आणि शेजारची का सोडली, हे सांगत नाही. घटनेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन आले. अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी झालेल्या चर्चेचा परिणाम असा झाला की ‘ड्यू प्रोसेस’ हे तिथले प्रसिद्ध कलम आपल्याकडे आलेच नाही. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे बेताचे शब्द आले. तक्त्यात अमेरिकेपुढे ‘मूलभूत हक्क’ असे लिहून विद्यार्थी पुढे सरकतो. त्या हक्कांमधला सर्वांत धारदार भाग जाणूनबुजून गाळला होता, हे त्याच्या गावीही नसते.

२. बोलायची मुभा, मताची नाही

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदे करण्यापुरते काही बिनसरकारी सभासद नेमायची सोय केली. पहिल्या तीन भारतीयांत पतियाळाचे महाराज आणि काशीचे राजे यांच्या जोडीला ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे होते. संस्थानाचा कारभार चालवलेला, हिशेब कोळून प्यालेला हा माणूस. पण कौन्सिलात त्यांना सरकारच्या कारभारावर एक प्रश्नही विचारता येत नव्हता. पुढे आलेल्या विधेयकावर मत द्यायचे आणि घरी जायचे.

१८९२ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर बोलायची आणि प्रश्न विचारायची मुभा दिली. उपप्रश्न मात्र नाही, आणि अर्थसंकल्पावर मतदानही नाही. या चौकटीत गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी उभे राहिले. दुष्काळाने माणसे मरत असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. पुढच्या काही वर्षांत तो टप्प्याटप्प्याने उतरला. आपल्या चरित्रवाङ्मयात हे भाषण गोखल्यांचा विजय म्हणून येते आणि वक्तृत्वाचा विजय तो होताच. पण कर उतरला तो सरकारला वाटले म्हणून. सभेने उतरवला नाही, कारण सभेला तसा अधिकारच नव्हता.

१९०९ च्या सुधारणांच्या वेळी भारतमंत्री मोर्ले यांनी स्पष्ट करून टाकले की या सुधारणांतून भारतात संसदीय पद्धत येणार असेल तर आपला त्यांच्याशी संबंध नाही. तक्त्यात ‘संसदीय पद्धत: ब्रिटन’ असे लिहिताना हे वाक्य आठवावे. ब्रिटनने ही पद्धत आपल्याला दिली नाही. ती द्यायची नाही हेच त्याचे धोरण होते.

३. मत आहे, पण चालत नाही

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. अर्थ, पोलीस, जमीनमहसूल ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी सभासदांकडे. शाळा काढण्याची जबाबदारी एकाची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याची, अशी ही वाटणी. केंद्रात तर एवढेही नव्हते. तिथे निवडून आलेल्यांचे बहुमत असलेली विधानसभा होती, पण सरकार तिला जबाबदार नव्हते.

१९२३ मध्ये सरकारने मिठावरचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायचा प्रस्ताव आणला. विधानसभेने तो फेटाळला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी ‘प्रमाणित’ करण्याचा आपला खास अधिकार वापरला आणि कर लागू झाला. एकवीस वर्षांनी मीठ पुन्हा अडीच रुपयांवर आले. गोखल्यांना मत नव्हते. या सभेला मत होते आणि ते तिने दिलेही, तरी फरक शून्य.

१९२९ चा प्रसंग याहून बोलका. पब्लिक सेफ्टी विधेयक सभेत आले तेव्हा अध्यक्षपदी विठ्ठलभाई पटेल होते, सभेने निवडलेले पहिले भारतीय अध्यक्ष. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिलला सभागृहात बाँब टाकले ते याच सुमारास. पटेलांनी विधेयक नियमबाह्य ठरवले. सरकारने तोच मजकूर वटहुकूम काढून अमलात आणला. सभेचा अध्यक्ष सरकारला अडवू शकतो, हे पटेलांनी सिद्ध केले. त्याला वळसा घालायला वटहुकूम पुरेसा आहे, हे व्हाइसरॉयने सिद्ध केले.

१९३५ च्या कायद्यामुळे १९३७ ते १९३९ या काळात प्रांतांना खऱ्या मंत्रिमंडळांची चव मिळाली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे सरकार होते. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही विधिमंडळाला न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९३५ च्या कायद्यातले ९३ वे कलम वापरून गव्हर्नरांनी कारभार हाती घेतला आणि मुंबईत तो १९४६ पर्यंत त्यांच्याच हाती राहिला.

घटना समितीत बसलेल्या पुष्कळ सभासदांची हयात या सभांमध्ये गेली होती. संसदीय पद्धत त्यांनी पुस्तकातून निवडली असे म्हणणे म्हणूनच हास्यास्पद आहे. ती पद्धत अर्धवट मिळाल्याने काय होते, हे त्यांनी सोसले होते.

४. घटना समितीपुढचा खरा पर्याय

४ नोव्हेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी प्रश्न नेमका मांडला. लोकशाहीतले कार्यकारी मंडळ स्थिर हवे आणि जबाबदारही हवे; पण दोन्ही गुण सारख्या मापाने देणारी व्यवस्था अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटनच्या पद्धतीत जबाबदारी जास्त. अमेरिकेत सरकारची परीक्षा ठरावीक मुदतीने होते. संसदीय पद्धतीत ती मुदतीनेही होते आणि रोजही होते: प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास प्रस्ताव, अभिभाषणावरची चर्चा. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला पसंती दिली, असे त्यांनी सांगितले.

ही पसंती बिनविरोध नव्हती. प्रा. के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये दुरुस्ती आणली: विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांच्यात संपूर्ण सत्ताविभाजन असावे. म्हणजे आज शाळेत शिकवले जाते तेच चित्र घटनेत लिहून घ्यावे. काझी सय्यद करीमुद्दीन यांनीही संसदेवर न विसंबणाऱ्या कार्यकारी मंडळाची बाजू मांडली. समितीने शहांची दुरुस्ती फेटाळली. तीन खांबांचे चित्र घटना समितीपुढे आले होते आणि ते नाकारले गेले, ही साधी नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत असती तर बरे झाले असते.

त्याऐवजी ७५ व्या कलमात आले ते असे: मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकपणे जबाबदार. मंत्री संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सभासद नसेल तर सहा महिन्यांत त्याला सभासद व्हावे लागते. कार्यकारी मंडळ सभेपासून वेगळे नाही. ते सभेच्या पोटातून येते आणि सभा त्याला घालवू शकते.

राज्यपालाचा प्रश्नही याच तर्काने सुटला. १९४७ मध्ये राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडायचे ठरले होते. मे १९४९ अखेर तो विचार सोडून नेमणुकीचा मार्ग घेतला गेला. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेल्या सभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री शेजारी बसले, तर जाब नेमका कोणाला विचारायचा? (नेमलेला राज्यपाल दिल्लीची भाषा बोलू लागला तर काय, हा प्रश्न तेव्हा कमी महत्त्वाचा वाटला. आज तसे कोणी म्हणणार नाही.)

५. मग ‘विभाजन’ कुठे आहे?

घटनेत सत्ता अलग करण्याचा आदेश एकाच ठिकाणी, ५० व्या कलमात आहे: राज्याच्या लोकसेवांमध्ये न्याययंत्रणा कार्यकारी यंत्रणेपासून अलग करावी. सत्ताविभाजनाचा सिद्धांत मांडणाऱ्या मोंतेस्क्यूचा यात फारसा संबंध नाही. रोख होता जिल्ह्याच्या कलेक्टरवर.

कलेक्टर महसूल गोळा करी, पोलिसांवर देखरेख ठेवी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून खटलेही चालवी. त्याच्या हाताखालच्या मामलेदाराचेही तसेच. सकाळी ज्याच्या अहवालावर माणूस पकडला गेला, दुपारी त्याच्याच कचेरीत त्या माणसाने न्याय मागायचा. काँग्रेसची अगदी सुरुवातीची अधिवेशने हे दोन अधिकार वेगळे करा म्हणून ठराव करत होती. घटना समितीत या कलमाला आधी तीन वर्षांची मुदत होती. संस्थाने नुकतीच सामील झाली आहेत, तिथे घाई नको, म्हणून मुदत गाळली गेली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये यासाठी कायदा केला. देशभर ही विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आली.

ती पूर्ण मात्र झाली नाही. ‘चॅप्टर केस’ हा शब्द महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या आवारात कानावर पडतो. शांतताभंग होईल या संशयावरून एखाद्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घ्यायचा, जामीनदार आणायला सांगायचे, ही ती कारवाई. तालुक्याच्या गावी ती तहसीलदारापुढे चालते, कारण तो कार्यकारी दंडाधिकारीही असतो. आयुक्तालयाच्या शहरात ती सहायक पोलीस आयुक्तापुढे चालते. तडीपारीचेही तेच: शहरात पोलीस उपायुक्त, ग्रामीण भागात प्रांताधिकारी, आणि हद्दपारी दोन वर्षांपर्यंत. शहरात तर अहवाल पोलिसाचा, सुनावणीही पोलिसापुढे. ५० वे कलम ज्या माणसासाठी लिहिले गेले तो अजून त्या बाकावर बसलेला आहे. सत्ताविभाजनावरचे परिसंवाद सर्वोच्च न्यायालय आणि संसद यांच्या झटापटीवरच रंगतात. या बाकापर्यंत फार थोडे पोहोचतात.

६. दत्तमत आणि भारित

निकालाचा दुसरा भाग, म्हणजे मर्जीबाहेरचे तपासनीस, समजून घ्यायला राज्याच्या किंवा केंद्राच्या अर्थसंकल्पाची कोणतीही पुस्तिका उघडावी. खर्चाचे दोन प्रकार दिसतात. ‘दत्तमत’ म्हणजे सभागृहाने मत देऊन मंजूर करायचा. ‘भारित’ म्हणजे ज्यावर चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही.

भारित खर्चाची कल्पना इंग्रजांची. १९१९ च्या कायद्याखाली लष्कर आणि बड्या अधिकाऱ्यांचे पगार मतदानाबाहेर ठेवले होते, म्हणजे जाब द्यायचा नव्हता अशा सरकारला सभेपासून संरक्षण. घटनाकारांनी हे हत्यार टाकले नाही, त्याचे तोंड फिरवले. कर्जफेडीसारख्या बाबी सोडल्या तर घटनेतील भारित खर्चात कोण आहेत? राष्ट्रपती, दोन्ही सभागृहांचे पीठासीन अधिकारी, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, कॅग (नियंत्रक आणि महालेखापरीक्षक), लोकसेवा आयोग. मंत्र्यांचा पगार आता मतावर. मंत्र्यांना तपासणाऱ्यांचा पगार मताबाहेर.

उसनवारीचा तक्ता इथे सर्वांत उघडा पडतो. तरतूद तीच, उगमही तोच, अर्थ नेमका उलटा.

मे १९४९ मध्ये कॅगविषयी बोलताना आंबेडकरांनी या अधिकाऱ्याला घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. तीन खांबांच्या चित्रात कॅगला जागाच नाही. ना निवडणूक आयोगाला, ना लोकसेवा आयोगाला. पैसा कसा खर्च झाला, निवडणूक कोण घेणार, नोकरभरती कोण करणार: कारभाऱ्याला स्वतःच्याच बाबतीत न्यायाधीश होता येईल अशा या जागा, आणि घटनेने त्या त्याच्या हातून काढून घेतल्या.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: जबाबदारी एवढी प्यारी होती, तर वटहुकूम, आणीबाणी आणि राष्ट्रपती राजवट घटनेत कशी आली? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. ९३ व्या कलमाचा वारसा ३५६ व्या कलमात उतरला, व्हाइसरॉयच्या वटहुकुमाचा १२३ व्या कलमात. हृदयनाथ कुंझरू आणि के. टी. शहा यांनी वटहुकुमाला हरकती घेतल्या. आणीबाणीच्या तरतुदींवर हरि विष्णु कामत तुटून पडले. फाळणीच्या दंगली आणि संस्थानांचे विलीनीकरण डोळ्यांसमोर असताना समिती घाबरली, आणि घाबरायला कारणही होते. फरक एवढाच की आता या अधिकारांना सभेच्या संमतीची मुदत आहे. वटहुकूम सभा भरल्यावर सहा आठवड्यांत संपतो.

कागदावर. बिहारात १९६७ ते १९८१ या काळात काढलेले २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले. हे उजेडात आणले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डी. सी. वाधवा यांनी, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर हा प्रकार घटनेशी केलेली फसवणूक ठरवला. घटनेने सभेला दिलेला पहिला पहारा झोपला होता; दुसऱ्याने जागे राहून काम केले.

दुसरा आक्षेप: खुद्द आंबेडकरांचे मत वेगळे होते. बरोबर. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी विधिमंडळाला मुदतीआधी हटवता येणार नाही असे कार्यकारी मंडळ सुचवले होते. बहुसंख्याकांच्या सभेला जबाबदार असलेले सरकार अल्पसंख्याकांना जबाबदार राहीलच असे नाही, ही त्यामागची भीती. ती आजही शिळी झालेली नाही. पण त्यांनाही प्रश्न ‘जबाबदार कोणाला’ हाच पडला होता. खांब किती, हा नव्हे. समितीने त्यांची ती रचना घेतली नाही, आणि त्यांना अभिप्रेत असलेले संरक्षण हक्क आणि ३२ वे कलम यांच्याकडे सोपवले.

तिसरा आक्षेप: मग न्यायाधीशांना जाब कोण विचारणार? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालानंतर न्यायाधीशांच्या नेमणुकीत न्यायाधीशांचाच शब्द अखेरचा ठरला. तो बदलू पाहणारी ९९ वी घटनादुरुस्ती २०१५ मध्ये न्यायालयानेच रद्द केली. सरन्यायाधीशाला नकाराधिकार देणे धोक्याचे आहे, असे आंबेडकरांनी मे १९४९ मध्ये बजावले होते. तपासनीस कारभाऱ्याच्या मर्जीबाहेर असावा, हे घटनेचे तत्त्व. स्वतःची नेमणूक स्वतःच करावी, हे त्यातून निघत नाही. या मुद्द्यावर माझे मत न्यायालयाच्या विरुद्ध आहे. रद्द झालेल्या त्या दुरुस्तीतही सरकारचा हात नको इतका आत शिरला होता, हेही तितकेच खरे.

८. साखळी कुठे सैल झाली

रोजच्या जबाबदारीचा सांधा एकच: सभासदाचे मत. १९८५ मध्ये ५२ व्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. पक्षादेश मोडून मत दिले तर सभासदत्व जाते, मग विषय अविश्वासाचा असो वा किरकोळ विधेयकाचा. आयाराम-गयारामांचा बाजार बंद व्हावा हा हेतू रास्त होता. परिणाम असा की सत्ताधारी बाकावरचा सभासद आता मंत्र्याला घालवू शकत नाही. पक्ष मात्र त्याला घालवू शकतो. जबाबदारीची दिशाच उलटली. घाऊक फूट याने थांबली नाही, हे महाराष्ट्राने २०२२ मध्ये पाहिले.

त्या प्रकरणात मे २०२३ मध्ये घटनापीठाने दिलेला निकाल या लेखातल्या सगळ्या पात्रांना एकत्र आणतो. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते, असे पीठाने म्हटले. मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांना परत बसवता येत नाही, असेही म्हटले. आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांवर सोपवला. अध्यक्षांनी तो दिला जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे फुटीनंतर दीड वर्षाने. हा अध्यक्ष बहुमताने निवडून येतो, आणि बहुमत कोणाचे हाच तर वाद असतो.

१९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने दोन सूचना केल्या होत्या. अपात्रतेची तलवार विश्वासमतासारख्या, सरकार टिकण्याशी संबंध असलेल्या मतदानापुरतीच ठेवावी. आणि निर्णय अध्यक्षाने न देता राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने द्यावा. पहिलीने सभासदाला विधेयकावर स्वतःचे मत परत मिळते, आणि सरकार पाडण्याचा बाजारही उघडत नाही. दुसरीने वाद कारभाऱ्याच्या बहुमताकडून तपासनिसांच्या गटाकडे जातो. आयोगाचा सल्ला बंधनकारक असेल तरच अर्थात, नाहीतर राज्यपालांच्या हाती आणखी एक किल्ली. त्यासाठी आयुक्तांची नेमणूक सरकारच्या हातून सोडवावी लागेल, आणि निवड समितीत सरकारचे बहुमत ठेवणारा २०२३ चा कायदा बदलावा लागेल. घटना समितीने १९४९ मध्ये ही नेमणूक संसदेच्या कायद्यावर सोडून दिली होती. तो कायदा यायलाच चौऱ्याहत्तर वर्षे लागली.